बिरनाळ्यांचं मशीन

पोंक्षे सरांनी तक्रारीचं कार्ड टेबलावरून माझ्याकडे सरकवलं आणि चष्मा काढून पुसायला घेतला. सर चष्मा पुसत बोलायला लागले की समजायचं, काही बरं कानावर येणार नाही.

"बिरनाळे," ते म्हणाले. "तिसरी वेळ."

"माहीत आहे सर."

"व्हॅक्यूम क्लीनर गरम होतो आणि मध्येच बंद पडतो. पहिल्यांदा गेलात, पाइपात कापूस अडकलाय म्हणालात. दुसऱ्यांदा गेलात, फिल्टर बदललात, मोटरचे कार्बन बदललेत. आता काय बदलणार, घर?"

मी गप्प बसले. हे लिहिताना माझं मलाच खोटं वाटतंय, कारण गप्प बसणं माझ्या स्वभावात नाही. पण दोनदा छातीठोकपणे 'झालं काम' म्हणून आले होते आणि दोन्ही वेळा तोंडावर पडले होते.

"हे बघा मगदूम," सर म्हणाले, "तुमची तीन महिन्यांची मुदत संपायला पंधरा दिवस राहिलेत. या मशीनची चौथी तक्रार आली, तर पेटी इथं ठेवायची आणि परत फोनवर बसायचं. फोनवर तुमचा आवाज छान येतो."

ही त्यांच्या मते शाबासकी होती.

सत्त्याण्णव सालची गोष्ट. इचलकरंजीत घरगुती उपकरणांच्या एका एजन्सीत मी होते. आयटीआयला इलेक्ट्रिशियनचा कोर्स केलेली आमच्या बॅचमधली मी एकटी मुलगी, आणि एजन्सीनं मला वर्षभर बसवलं होतं तक्रारी लिहून घ्यायला. मग आमचा एक मेकॅनिक आखातात गेला आणि त्याची हत्यारांची लाल पत्र्याची पेटी कोपऱ्यातल्या फळीवर पडून राहिली. मी रोज तिच्याकडे बघायचे. एक दिवस उचलली आणि सरांना म्हटलं, आजचे तीन कॉल मी करून येते. आले करून. तेव्हापासून पेटी माझ्याकडे होती, पण उसनी. ती परत त्या फळीवर ठेवायची माझी तयारी नव्हती.

निघताना सरांनी आठवण करून दिली. "बिघाड सापडला नाही तर कार्डावर 'वापरणाऱ्याची चूक' अशी चौकट आहे. तिथं खूण करा, सही घ्या आणि मोकळ्या व्हा. गॅरंटी संपते, तक्रारही संपते."

"चूक कुठली ते सापडल्याशिवाय खूण कशी करू सर?"

"तुमचं हेच," म्हणाले आणि चष्मा लावला.

बिरनाळ्यांचं घर त्यांच्या मागांच्या शेडला लागूनच होतं. दिवसभर यंत्रमागांची खडखड, आणि हवेत सुताची बारीक धूळ. आमच्या गावात ही धूळ केसात बसते, भाकरीच्या पिठात बसते, देवाच्या फोटोवर बसते. व्हॅक्यूम क्लीनर तुंबला म्हटलं की दहातल्या नऊ वेळा तीच. म्हणून पहिल्या खेपेला पाइपातून हातभर लांब कापसाचा बोळा ओढून काढला, तेव्हा मी विषय संपला असं धरून चालले होते. आठव्या दिवशी दुसरी तक्रार आली.

आत गेले, तर नेहमीप्रमाणे सगळं तयार होतं. पुढच्या खोलीत वर्तमानपत्र अंथरलेलं, त्यावर पुसून लख्ख केलेलं मशीन. शेजारी वेताच्या खुर्चीत आक्का. घरच्या मोठ्या, साठीच्या पुढच्या, अंगानं किरकोळ पण नजर अशी की सुई न बघता ओवतील. घरातलेच काय, शेडवरचे कामगारही त्यांना आक्काच म्हणत.

"आलीस व्हय," त्या म्हणाल्या. "बघ बाई, तिसऱ्यांदा. मी म्हणलं हुतं, असली थेरं नगोत. केरसुणी कधी गरम झालेली बघितलीस?"

आतल्या दारात त्यांची सून उभी होती. मशीन तिच्यासाठी तिच्या नवऱ्यानं घेतलेलं. तिला त्या धुळीनं दम लागायचा, केर काढला की रात्रभर खोकायची. नागपूरकडची मुलगी, माझ्याच वयाची, प्रेमविवाह करून आलेली. दोन खेपांत मला तिचं नावही कळलं नव्हतं. कार्डावर नवऱ्याचं नाव आणि आक्का तिला हाक मारायच्या, "अगं ए," नाहीतर नुसतंच, "ऐकलंस का."

"किती वेळ चालतं?" मी विचारलं.

"दहा-बारा मिनिटं," सून म्हणाली. "मग बंद. अर्ध्या तासानं परत सुरू होतं."

म्हणजे मोटर तापली की आपोआप तोडणारं कटआउट आपलं काम चोख करत होतं. मोटर तापत का होती, हा प्रश्न. मी पिशवी काढली, पाइपात काठी घालून आरपार बघितलं, ब्रशच्या तोंडात बोट फिरवलं, मोटर हातानं फिरवली. सगळं स्वच्छ. जोडलं, सुरू केलं आणि घड्याळ बघत बसले.

दहा मिनिटं झाली. पंधरा झाली. मी मधेमधे मागं हात धरून बघत होते. येणारी हवा कोमट, त्यापेक्षा जास्त काही नाही. पंचवीस मिनिटं झाली. मशीन एखाद्या शहाण्या मुलासारखं चालत राहिलं.

"तुझ्यापुढं कसं गुणाचं वागतंय बघ," आक्का म्हणाल्या. "तू गेलीस की रुसतंय."

आता चिडायची पाळी माझी होती. माझ्यासमोर चालतं आणि माझ्या माघारी बंद पडतं, म्हणजे माझ्यासमोर आणि माझ्या माघारी काहीतरी वेगळं होतं. व्होल्टेज मोजलं, ठीक निघालं. प्लग बघितला, ठीक निघाला. पेटी उघडीच होती आणि तिच्याकडे बघायचा मला धीर होत नव्हता. मी मशीन बंद केलं, भिंतीला टेकून बसले आणि पहिल्यांदाच मशीनऐवजी घराकडे नीट बघितलं.

टीव्हीवर कव्हर होतं, झालर लावलेलं. फोनवर कव्हर, त्यावर कशिद्याचा मोर. फ्रिजच्या डोक्यावर टोपी, मुठीला पण कापडी बाही. शिलाई मशीनवर कव्हर. आतल्या ओट्यावरच्या मिक्सरलासुद्धा फुलाफुलांचं कव्हर दिसत होतं. त्या घरात चार खुर्च्या होत्या त्यांच्या पाठींवरसुद्धा कव्हरं. माणसांशिवाय कुणी उघडं नव्हतं तिथं. फक्त हे एक मशीन, वर्तमानपत्रावर, तसंच.

"आक्का," मी म्हटलं, "ही सगळी कव्हरं कुणी शिवली?"

"मीच की. दुसरं कोण शिवतंय?"

"मग याचंच कसं नाही शिवलंत?"

मागं कप वाजला. सून चहाचा ट्रे घेऊन आली होती आणि दारातच थांबली होती.

"न्हाई कसं?" आक्का जरा दुखावल्या. "शिवलंय की. कपाटात ठेवलंय. तुमचं हात काळं, तेलकट. तू येणार म्हणलं की काढून ठेवती."

उठून त्यांनी कपाटातून एक घडी आणली आणि माझ्यासमोर उलगडली. खरंच सांगते, तसलं कव्हर मी पुन्हा बघितलं नाही. गर्द जांभळी मखमल, खाली झालर, झालरीत इलॅस्टिक. पाइपासाठी पुढं गोल भोक, त्याला पायपिंगची किनार. वायरसाठी बाजूला चीर, तिला काजं-बटन. आत पातळ कापसाचा थर घालून बारीक टीप मारलेली. आणि वर मधोमध, पिवळ्या रेशमानं, वळणदार अक्षरांत एक नाव काढलेलं. कल्याणी.

"पाइपाला भोक ठेवलंय," मी म्हटलं. माझा आवाज मलाच वेगळा वाटला. "म्हणजे चालवतानासुद्धा हे घातलेलंच असतं?"

"तर काय. उघडं चालवलं तर धूळ बसंल न्हवं त्येच्या अंगावर."

गावातली धूळ खायला आणलेलं मशीन आणि त्याच्या अंगावर धूळ बसू नये म्हणून मखमल. पाठीमागच्या ज्या जाळीतून गरम हवा बाहेर पडते, तिच्यावर मखमल, कापूस आणि अस्तर, तिन्ही. दोन खेपा मी नको ते खोलत बसले होते. मला हसू येत होतं, रागही येत होता आणि सगळ्यात जास्त येत होता तो आनंद, कारण पेटी वाचली होती. तोंड उघडणार, इतक्यात सून म्हणाली, "ताई, जरा आत येता? मिक्सरचा प्लग ढिला झालाय."

मिक्सरचा प्लग व्यवस्थित होता. तिनं स्वयंपाकघराचं दार लोटलं आणि हळू आवाजात म्हणाली, "तुम्हाला कळलं न?"

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

तिनं खाली बघितलं. "पहिल्या आठवड्यातच. एकदा आक्का देवळात, बस्तीला गेल्या होत्या, मी कव्हर काढून चालवून पाहिलं. अख्खं घर झालं, बंद नाही पडलं."

"मग तीन तीन वेळा मला का बोलावलंत?" मी आवाज चढवायचा नाही म्हणून दात आवळले. "तुम्हाला कल्पना आहे? आणखी एक तक्रार आली तर माझं हे काम जाणार. मी परत फोनवर बसणार, आणि तुम्हाला कारण माहीत होतं."

"मला वाटलं, तुम्ही शोधाल आणि तुम्हीच सांगाल. बाहेरच्या माणसानं सांगितलेलं लागत नाही."

"तुम्ही का नाही सांगितलंत?"

ती ओट्यावरचा वाळलेला डाग नखानं खरवडू लागली. मग म्हणाली, "लग्नाला अडीच वर्षं झाली. आक्कांनी मला कधी नावानं हाक मारलेली नाही. वाईट नाही वागत त्या. जेवायला वाढतात, दुखलंखुपलं बघतात. पण नाव नाही. मशीन आलं त्याच्या चौथ्या दिवशी त्यांनी हे कव्हर आणून माझ्या पुढ्यात ठेवलं, काही बोलल्या नाहीत, निघून गेल्या. मी उलगडलं तर त्यावर माझं नाव." तिचे डोळे भरले होते, पण आवाज स्थिर होता. "आता त्यांना काय सांगू, की तुमच्या कव्हरनंच मशीन जळून राहिलंय?"

माझा राग गेला म्हणत नाही. अर्धा राहिला. तिच्या नावाची किंमत माझ्या पेटीनं का द्यायची, हा प्रश्न मला तेव्हाही पडला होता. पण त्या जांभळ्या मखमलीवरची पिवळी अक्षरं मी बघितली होती. एकेक टाका मोजून घातलेला होता. ते न बघितल्यासारखं करणंही मला जमलं नसतं.

"मी खोटं लिहिणार नाही," मी तिला सांगितलं. "पण कसं सांगायचं ते माझ्यावर सोडा."

बाहेर येऊन मी आक्कांना म्हटलं, "आक्का, मी आलेच नाही असं समजा. रोज चालवता तसं चालवून दाखवा."

"कव्हर घालून?"

"कव्हर घालून."

आक्कांनी स्वतः कव्हर चढवलं. बटन लावलं, झालर सारखी केली, पाइप भोकातून घेतला. मशीन सुरू झालं. सून ब्रश फिरवू लागली, आक्का खुर्चीत, मी जमिनीवर घड्याळ धरून. पाच मिनिटं. आठ. मोटरचा आवाज जरा बदलला, तो फक्त मला कळला असं वाटलं, पण आक्कांनीही मान वळवली. आयुष्य मागांच्या शेजारी गेलेलं, मोटरचा सूर त्यांना माझ्याआधी कळत असणार. अकराव्या मिनिटाला मशीन बंद पडलं.

शेडमधले माग तेवढे खडखडत होते. आक्का उठल्या, वाकल्या आणि कव्हरच्या पाठीमागं हात ठेवला. झटकन मागं घेतला. मग परत ठेवला आणि तसाच धरून ठेवला.

"लूमची मोटर पोत्यानं झाकलीस तर जळती," त्या हळूच म्हणाल्या. "हे मी गड्यांना शिकवलंय. तीस वर्सं."

मी नुसती मान हलवली.

आक्का सरळ झाल्या आणि त्यांनी सुनेकडे बघितलं. आम्ही आत काय बोललो ते त्यांनी ऐकलं की काय, असं मला वाटून गेलं. पण ऐकायची गरज नव्हती, सुनेच्या तोंडावर सगळं होतं.

"तुला ठावं हुतं."

तिनं ब्रश भिंतीला टेकवला.

"तीन डाव ह्या पोरीला हेलपाटं घालाय लावलंस. मला एकदा म्हणली न्हाईस." आक्कांचा आवाज चढला नव्हता, उलट बसला होता. "इतकी भितीस मला?"

"भीत नाही आक्का," ती म्हणाली. "त्यावर नाव होतं."

आक्कांनी कव्हर काढलं, हातात धरून नावाकडे बघितलं आणि घडी न घालताच खुर्चीवर टाकलं. "ने बाई बाहेर. टाकून दे. नसता शानपणा केला मी."

सून हलली नाही. तेव्हा मात्र मला राहवलं नाही. कव्हर मी उचललं. माझी आई जयसिंगपुरात परकर-पोलकी शिवते, कात्रीचा आवाज ऐकत मी मोठी झाले.

"टाकायचं कशाला?" मी म्हटलं. "आक्का, तुम्ही पाइपाला दार ठेवलंत, वायरीला दार ठेवलंत. कामात चूक नाही. फक्त श्वास सोडायला जागा ठेवायची राहिली. हे बघा, मशीनची जाळी इथं येते. इथं वीतभर रुंद, चार बोटं उंच खिडकी कापायची आणि जाळीचं कापड लावायचं. आतला कापूस मागच्या बाजूनं काढून टाका. नावाला धक्का लागत नाही, ते वर आहे."

आक्कांनी कव्हर माझ्या हातातून घेतलं, उलटं केलं, माझ्या बोटाच्या जागी आपलं बोट ठेवून बघितलं. शिवणाऱ्या बाईच्या नजरेत काम शिरलं की दुःखाला तिथं बसायला जागा राहत नाही. मी हे आईकडे बघितलं होतं.

"मच्छरदाणीचं कापड हाय," त्या म्हणाल्या. "चालंल?"

"पळेल."

"कडंनं पट्टी माराय पायजे. न्हाईतर उसवंल." मग मान वर न करता, अगदी रोजच्या आवाजात त्या म्हणाल्या, "कल्याणी, कात्री आण."

ती मुलगी जागची हलली नाही.

"कल्याणी. ऐकू आलं न्हाई व्हय? कात्री. शिलाई मशीनच्या खणात हाय."

ती गेली. खण उघडल्याचा आवाज आला, मग बराच वेळ काहीच आवाज आला नाही. आक्का कापडावर खडूनं रेघ ओढत होत्या आणि ती रेघ त्यांनी दोनदा पुसून तिसऱ्यांदा ओढली. मी माझी हत्यारं पेटीत भरायला लागले. भरून झालेली परत काढून परत भरली.

दुपारी दोनला खिडकी तयार झाली. कव्हर घालून मशीन पस्तीस मिनिटं चाललं. पहिल्या बारा मिनिटांनंतर आम्ही तिघींनी आळीपाळीनं जाळीमागं हात धरला आणि प्रत्येक वेळी आक्का म्हणाल्या, "कोमटच हाय."

कार्डावर मी लिहिलं, 'कव्हरमुळे हवा अडत होती. कव्हरला जाळीची खिडकी केली. पस्तीस मिनिटं चालवून पाहिलं.' सही कल्याणीनं केली, पूर्ण नावानं.

पोंक्षे सरांनी ते दोनदा वाचलं. "आपण मशीनं दुरुस्त करतो मगदूम. कव्हरं नाही."

"मशीन चांगलंच होतं सर."

"आणि चूक वापरणाऱ्याची होती. चौकटीत खूण कुठंय?"

"चूक माझीही होती. दोनदा गेले आणि कसं चालवता हे न विचारताच खोलत बसले. माझ्यासाठी चौकट नाही त्या कार्डावर."

सरांनी चष्मा काढला. पुसला नाही, नुसताच हातात धरला. "बघू. चौथी तक्रार येते का बघू."

त्या पंधरा दिवसांत मी अठरा कॉल केले आणि संध्याकाळी आल्यावर आधी फोनशेजारची वही बघितली. चौदाव्या दिवशी मी पेटी पुसत बसले होते, तेव्हा फोन वाजला आणि सरांनीच उचलला.

"बिरनाळे?" ते म्हणाले आणि माझ्याकडे बघितलं.

माझ्या हातातलं फडकं तिथंच थांबलं. सर बराच वेळ नुसतं 'हं, हं' करत होते. मग फोन ठेवून, समोरच्या माणसाला वेड लागलंय की आपल्याला हे न कळल्यासारखे बसून राहिले.

"मशीन उत्तम चालू आहे म्हणतात," ते शेवटी म्हणाले. "तुम्हाला बोलावलंय. येताना पेटी घेऊन या म्हणाल्यात. माप घ्यायचंय."

आज जयसिंगपुरात माझं स्वतःचं दुरुस्तीचं दुकान आहे. नवीन मुलींना कामावर घेते तेव्हा पहिल्या दिवशी एवढंच शिकवते, की खोलण्याआधी बसा आणि त्यांना म्हणा, आम्ही आलोच नाही असं समजून चालवा. हे का, ते सगळ्यांना सांगत नाही.

ती लाल पेटी पुढं माझीच झाली, अजून माझ्या टेबलाशेजारी असते. तिच्यावर जांभळ्या मखमलीचं कव्हर आहे, आता कडेला पांढुरकं पडलेलं, वर पिवळ्या रेशमात माझं नाव, 'वैजयंती'. आणि पाठीमागच्या बाजूला, नीट पट्टी मारून, आक्कांनी मच्छरदाणीच्या जाळीची वीतभर खिडकी ठेवलेली आहे. पेटीला हवा लागत नाही, हे मी त्यांना कधी सांगितलं नाही.